वेलदोड्याची कुपी

निवृत्त होणाऱ्या माणसाला शाल, नारळ आणि कुणाच्याच भिंतीला न शोभणारं एक घड्याळ मिळतं. सुजित म्हेत्रेला या तिन्हींबरोबर एक सूचनाही मिळाली. केंद्रातला तुमचा खासगी कप्पा महिनाअखेरीस मोकळा करून द्यावा, असं तिच्यात म्हटलं होतं. ती देणारी अश्विनी कोळेकर त्याच्याच हाताखाली तयार झालेली, आता केंद्राची प्रमुख. सांगताना तिला इतकं अवघडल्यासारखं झालं की तिनं दोनदा चहा मागवला. सुजितनं दोन्ही वेळा तो निमूटपणे घेतला आणि मोकळा करतो म्हणाला. कप्प्यात एकच कुपी होती आणि ती त्यानं आजवर उघडलेली नाही, हे साऱ्या केंद्राला माहीत होतं.

केंद्र म्हणजे तासगावबाहेरचं बेदाण्याचं जुनं शीतगृह. उन्हाळे वाढत गेले तशा इथल्या द्राक्षबागा उठल्या आणि शीतगृह ओस पडलं. त्याच सुमारास जगभरच्या सर्व्हरांना वीज पुरेनाशी झाली आणि सरकारनं जुन्या फोटो-व्हिडिओंवर कर बसवला. माणसं हवालदिल झाली. आजोबांची पंचाहत्तरी, पोरांची बारशी, दिवसदिवस चाललेली लग्नं, हे सगळं आता ठेवायचं कुठे? उत्तर निघालं डीएनएत. निसर्गानं जिथं साऱ्या जिवांची माहिती लिहून ठेवली, तिथंच माणसानं आपली लिहायला घेतली. बोटभर काचेची कुपी, तळाशी जेमतेम दिसेल असा पांढरा कण, आणि त्या कणात एका घराण्याचे सगळे सणवार. सुक्या, थंड जागेत ठेवली की शेकडो वर्षं घोर नाही. या कुप्यांना लोक ठेव म्हणू लागले. शीतगृहाच्या भिंतींना अजून बेदाण्याचा वास येई, आणि आजीचा आवाज ऐकायला आलेली माणसं जाताना हमखास पाव किलो बेदाणे घेऊन जात.

ठेवीला एक धाकटं भावंड होतं. त्याचं नाव सांगावा, आणि तो आरएनएत लिहीत. जे एकदाच सांगायचं आणि मागे कुठंच राहू द्यायचं नाही, त्यासाठी तो. प्रेमात पडलेली पोरं तो वापरत, वकील वापरत, आणि दवाखान्यांत शेवटच्या आजारातली माणसं वापरत. खाटेशी आणलेलं यंत्र तोंडाशी धरून बोलायचं, की हिरव्या कागदी नळीत एक कण पडे. मिळाला की लगेच ऐकायचा. चार-दोन महिने उशीर केला तर तो आपोआप विरून जाई. हे शाळकरी पोरालाही ठाऊक होतं.

शाळांच्या सहली आल्या की ठेव आणि सांगावा यांतला फरक समजावण्याचं काम सुजितकडे असे, आणि ते तो झकास करी. तो सांगे, की डीएनएची लिपी चार अक्षरांची. अॅडेनिन, ग्वानिन, सायटोसिन आणि थायमिन. आरएनएत पहिली तीन तीच, पण थायमिनच्या जागी युरॅसिल. गंमत अशी की थायमिन म्हणजे दुसरं कुणी नव्हेच. ते युरॅसिलच, फक्त डोक्यावर मिथाइल नावाचा छोटासा रासायनिक फेटा बांधलेलं. हा फेटा बांधायला शरीराला खर्च पडतो. मग निसर्गासारखा कंजूष हा खर्च का करतो?

मग तो सांगे, की सायटोसिन हे प्रकरण जरा नाजूक. पाण्याच्या नुसत्या संगतीनं त्याचा एक तुकडा गळून पडतो आणि त्याचं युरॅसिल होऊन बसतं. आपल्या एकेका पेशीत हे रोज शंभरएक वेळा घडतं. आता लग्नात घरच्या सगळ्यांनी फेटे बांधले असले, की बोडक्या डोक्यानं पंगतीत घुसलेला लांबूनही ओळखू येतो. डीएनएचं तसंच. तिथं बोडक्या युरॅसिलला जागाच नाही, त्यामुळे ते दिसलं की पेशीतले दुरुस्तीवाले समजतात, हे मूळचं नव्हे, हे बिघडलेलं सायटोसिन. समोरच्या धाग्यावर त्याचा जोडीदार ग्वानिन साक्षीला उभा असतोच. झालं, युरॅसिल काढायचं आणि सायटोसिन बसवायचं. आरएनएत मात्र कुणीच फेटा बांधत नाही, आणि बहुतेक वेळा धागाही एकेरी. तिथं मूळचं युरॅसिल कोणतं आणि बिघडून झालेलं कोणतं, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. पण आरएनएचं त्यावाचून काही अडत नाही. त्याला टिकायचंच नसतं. निरोप पोचवायचा आणि मोडून जायचं, एवढंच त्याचं काम.

फेट्यावर पोरं हसत, आणि सुजितला आपण बरं बोललो असं वाटे. ठेव म्हणजे खरी, सांगावा म्हणजे पोरखेळ, असं त्याचं मनातलं मत होतं. ते तो पोरांना सांगत नसे.

त्याची बायको पल्लवी या बाबतीत त्याच्या अगदी उलटी. तिला काही जपून ठेवावं असं कधी वाटलं नाही, एक बाटल्या-डबे सोडून. रिकामी बाटली टाकायची म्हटलं की तिचा जीव वरखाली व्हायचा. जॅमच्या बाटलीत मोहरी, कॉफीच्या बाटलीत हिंग, बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा. डब्यावर जे लिहिलेलं असे ते त्यांच्या घरात आत कधीच सापडत नसे. नव्या पाहुण्याला चहा करायला लावणं ही तिची आवडती करमणूक होती. साखर म्हणून त्यानं सोडा घातला की ती पोट धरून हसायची. केंद्रातून सुजितनं आणलेल्या बाद कुप्यांनाही तिनं सोडलं नव्हतं. एकीत ओवा, एकीत लवंगा, एकीत नथीचा तुटलेला मोती.

मग ती आजारी पडली. मिरजेच्या दवाखान्यात महिनाभर होती. शेवटी शेवटी घरी ने म्हणाली, आणि सुजितला ते झेपलं नाही. आणखी आठ दिवस बघू, नवं औषध आलंय, तेवढं होऊ दे, असं करत त्यानं तिला तिथंच ठेवलं. मुलगी रेवा त्याच्याशी भांडभांड भांडली, पण सही त्याची चालत होती. पल्लवी तिथंच, नळ्यांच्या गर्दीत गेली. तेराव्याला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना रेवा त्याला म्हणाली, “तुम्हाला माणूस नको होतं बाबा. ठेव हवी होती.” सगळ्यांनी ऐकलं. आणि निघताना तिनं त्याच्या हातात एक कुपी ठेवली, आईनं दिलीये तुमच्यासाठी, एवढं म्हणाली आणि चिपळूणला निघून गेली. तिकडे ती पूर-इशारा केंद्रात नोकरीला होती.

कुपी ठेवीची होती. तांब्याचं बूच, काचेवर उठवलेलं केंद्राचं चिन्ह. सुजितनं ती रुमालात गुंडाळून केंद्रात नेली आणि सगळ्यांत थंड, सगळ्यांत सुक्या कप्प्यात ठेवून दिली. दर वाचनाला थोडा कण खर्ची पडतो, उगाच कशाला उघडा, असं तो लोकांना सांगे. खरं कारण वेगळं होतं. त्यातून पल्लवीचा आवाज निघेल आणि तो विचारेल, मला घरी का नेलं नाहीस, याची त्याला भीती वाटत होती. ठेव कुठे पळून जात नाही, या आधारावर त्यानं वर्षांमागून वर्षं काढली. रेवाचा फोन दिवाळीला यायचा. तब्येत, पाऊस, पुन्हा तब्येत, आणि मग दोघं एकाच वेळी ठेवतो म्हणायचे. पुढे ती मेसेजवर भागवू लागली.

आता मात्र कप्पा सोडायचा होता. घरच्या दमट कपाटात ठेवून तिची माती करण्यापेक्षा ऐकून टाकावी, असं त्यानं ठरवलं. अश्विनीनं स्वतः वाचन करून देते म्हटलं. नियमाप्रमाणे अर्धाच कण घेतला, अर्धा राखून ठेवला. घेतलेला कण आधी एन्झाइमच्या पाण्यानं धुतात. हाताच्या घामातून, श्वासातून येऊन चिकटलेलं परकं आरएनए ते पाणी खाऊन टाकतं, म्हणजे ठेव स्वच्छ वाचता येते. हा नियम सुजितनंच घालून दिलेला होता. वाचन चालू असताना तो बाहेर बाकावर बसला. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि का घातला हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

थोड्या वेळानं अश्विनी बाहेर आली. तिच्याकडे पाहूनच त्याला काहीतरी बिनसल्याचं कळलं. यंत्राला कुपीत काहीच सापडलं नव्हतं. बिघडलेलं नाही, पुसट नाही, डीएनए मुळात नाहीच. ती म्हणाली, चूक आमचीही असू शकेल, उद्या पुन्हा बघू. सुजितनं मान हलवली. आयुष्यभर हे यंत्र हाताळलेल्या माणसाला ते कधी चुकतं आणि कधी नाही, हे सांगायची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा त्याला एवढंच कळत होतं की पल्लवीला त्याच्याशी काही बोलायचं नव्हतं. रागावली असती तरी चाललं असतं. रागाचीच तर तो इतकी वर्षं वाट पाहत होता. पण तिनं रिकामी कुपी पाठवली होती, आणि तो ती देवासारखी जपत बसला होता. त्यानं कुकर लावला, एकट्यापुरता, वाटीभर भाताचा. शिट्ट्या मोजायला विसरला. भात करपला, तो त्यानं तसाच ताकाबरोबर खाल्ला. समोरच्या घरात कुणाचा तरी वाढदिवस होता आणि पोरं ओरडत होती. एवढ्या वर्षांत त्याला घरात एकटं वाटलं नव्हतं, असं त्याच्या लक्षात आलं. घरापासून दोन मैलांवर, थंड कप्प्यात कुणीतरी आहे, असं मनात कुठेतरी धरून तो जगत आला होता. आता तिथंही कुणी नव्हतं. तो पानावरून उठला आणि हात धुता धुता रडला.

दुसऱ्या दिवशी उरलेला कण परत घ्यायला तो केंद्रात गेला. अश्विनीनं कुपी त्याच्यापुढे ठेवली आणि सहज विचारलं, “सर, हिच्यात आधी काही होतं का? बुचाला वेलदोड्याचा वास येतोय.”

सुजितनं बूच नाकाशी नेलं. वास अगदी बारीक होता, पण वेलदोड्याचाच होता. पल्लवीच्या पर्समध्ये वेलदोड्यांची कुपी असायची. एसटीत बसली की तिला मळमळायचं, म्हणून. ती दवाखान्यातही तिच्या उशाशी होती, त्याच्या डोळ्यांसमोर होती. आणि त्याला एकदम सगळं दिसलं. हिरवी कागदी नळी हातात घेऊन पल्लवी म्हणाली असेल, हा कागद भिजेल नाहीतर कुठेतरी पडेल, काचेत घाला त्याला. वेलदोडे तिनं रेवाच्या हातावर ओतले असतील. ज्या बाईच्या घरात डब्यावरचं आत कधी सापडलं नाही, तिच्या हातची कुपी त्यानं वरचं चिन्ह बघून ठेव समजून ठेवली होती. जगातल्या कुठल्याही माणसाला ही चूक माफ होती, त्याला नव्हती. कॉफी म्हणून हिंग त्यानं किती वेळा हुंगला होता.

“आरएनए आहे हे,” तो म्हणाला. “सांगावा आहे.”

अश्विनीचा चेहरा उतरला. काल धुतलेल्या पाण्यात काय वाहून गेलं, हे दोघांनाही एकदमच कळलं होतं. तिनं काही बोलायच्या आत सुजित म्हणाला की नियम माझा होता, तुझा नव्हे. मग त्यांनी दार लावून घेतलं आणि उरलेला अर्धा कण सांगाव्याच्या पद्धतीनं वाचायला घेतला. कोरड्या थंडीत राहिल्यामुळे तो अगदी विरून गेला नव्हता, ही त्यातल्या त्यात मेहेरबानी. पण धागे जागोजाग तुटले होते. सांगाव्याच्या मुळातच थोड्या प्रती काढतात, एकदा ऐकायला कितीशा लागतात? त्यातून अर्ध्या कालच गेलेल्या. हजारो प्रती असत्या तर चारचौघांना विचारून खरं काढता आलं असतं. इथं बहुतेक ठिकाणी एकेकच तुकडा उरला होता, आणि प्रत्येक तुकडा युरॅसिलनं भरलेला. त्यातलं पल्लवीचं कोणतं आणि वर्षांनी खाल्लेल्या सायटोसिनचं कोणतं? पोरांना हसत हसत सांगितलेला तो प्रश्न आता पडद्यावर ओळीनं उभा होता, आणि ब्रह्मदेव काही मदतीला येण्यासारखा नव्हता.

त्यांनी जसंच्या तसं लावून ऐकलं. खरखर, खरखर, आणि मग एक खोकला. तो पल्लवीचाच होता. त्यामागून एक शब्द, ‘सुज्या’. मग पुन्हा खरखर, तिच्यात कुठंतरी ‘रेवा’, पुढे हसल्यासारखा एक आवाज, आणि संपलं. सुजितनं ते पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा लावलं तरी तेवढंच होतं.

अश्विनीनं मग जरा चाचरत अनुमानाचं नाव काढलं. हे यंत्र नवीन आलं होतं. तुटक्या सांगाव्यातली शंकेची अक्षरं ते अंदाजानं भरून काढी. त्याच माणसाचा आवाज ठेवीत असला तर तो ऐकून, हे माणूस इथं काय म्हणालं असेल, याचा हिशेब लावी. म्हेत्र्यांच्या घरच्या ठेवींत पल्लवी भरपूर होती. वास्तुशांत, रेवाचं बारसं, दिराचं लग्न, सासऱ्यांची पंचाहत्तरी. सुजित हो म्हणाला. त्या क्षणी त्याला कुणी काहीही विचारलं असतं तरी तो हो म्हणाला असता.

अनुमानातून आलेला सांगावा स्वच्छ होता. खोकला नाही, खरखर नाही. “अहो, तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत,” पल्लवी म्हणत होती. “तुमचं काहीच चुकलं नाही. रेवाला कळेल एक दिवस. तुम्ही काळजी करत बसू नका, तब्येतीला जपा.” आवाज तिचाच, ‘जपा’वर जरा रेंगाळणाराही तिच्यासारखाच.

सुजितनं ते फोनवर घेतलं आणि घरी आला. त्या दिवशी तो पोटभर जेवला. सकाळी चहा टाकताना त्यानं ते लावलं, आंघोळीला जाताना लावलं, दुपारी आडवा होताना लावलं. इतकी वर्षं छातीवर असलेला दगड कुणी अलगद उचलून बाजूला ठेवावा, तसं त्याला वाटलं. दोन-तीन दिवस असे सुखाचे गेले. रेवाला हे ऐकवावं, असाही विचार त्याच्या मनात आला. बघ, आई काय म्हणतेय.

त्याच विचारात तो एकदा सकाळी डाळीला फोडणी देत होता. मोहरी जॅमच्या बाटलीतूनच घेतली होती. फोन ओट्यावर बोलत होता. अहो, तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत. सुजितचा हात थांबला. ही बाई कोण आहे, असं त्याच्या मनात आलं.

पल्लवी त्याला अहो म्हणायची ती चारचौघांत. सासूसासरे असले, पाहुणे असले, कॅमेरा चालू असला की अहो-जाहो, डोक्यावर पदर नसला तरी पदर असल्यासारखा आवाज. माणसं पांगली, दार लागलं, की तो सुज्या. सुज्या, ओला टॉवेल गादीवर टाकू नकोस. सुज्या, तुझं डोकं फिरलंय का. लाडही त्याच नावानं आणि शिव्याही त्याच नावानं. ठेवीत ठेवण्याजोगं जे जे त्यानं साठवलं होतं, त्यात फक्त ती चारचौघांतली पल्लवी होती. घरातली एकदाही नव्हती, कारण स्वयंपाकघरातल्या भांडणाची ठेव कोण करतं? यंत्र बिचारं तेवढंच शिकलं. सुजितनं फोन उचलून अनुमानाचा तपशील उघडला. सुरुवातीचं ‘सुज्या’ यंत्रानं शंकास्पद ठरवून काढून टाकलं होतं. या व्यक्तीच्या बोलण्यात हा शब्द आढळत नाही, असं कारण दिलं होतं. खोकलाही तसाच गेला होता. जे निखालस तिचं होतं, नेमकं तेच बिघाड म्हणून निघालं होतं.

फोडणी जळाली होती. त्यानं गॅस बंद केला आणि ते गोड बोलणं फोनवरून पुसून टाकलं. पुसताना जीव तुटला, हे खोटं कशाला बोला. तुमचं काहीच चुकलं नाही, असं पुन्हा त्याला कुणी म्हणणार नव्हतं.

मग तो खिडकीशी जाऊन बसला आणि विचार करू लागला. एकेरी धाग्याचं दुखणं हेच की समोर साक्षीला कुणी नसतं. पण पल्लवी खाटेवर पडूनच होती. ते यंत्र जड असतं, ते तिला हातात धरणं शक्य नव्हतं. ते दुसऱ्या कुणीतरी धरलं असणार, आणि ते कुणी, हे उघड होतं. हे त्याला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. कदाचित सुचलंही असेल आणि त्यानं तिकडे पाठ फिरवली असेल. यंत्राला विचारणं सोपं होतं.

रेवानं फोन लगेच उचलला. दिवाळी नव्हती, त्यामुळे ती घाबरली होती. बरं आहे ना, असं तिनं दोनदा विचारलं. तिच्यामागे कुणीतरी वाशिष्ठीच्या पाण्याची पातळी मोठ्यानं वाचत होतं. सुजितनं सरळच विचारलं.

“दवाखान्यात आईनं सांगावा भरला, तेव्हा तू होतीस ना तिथे?”

“मीच धरलं होतं यंत्र.”

“त्यात काय होतं, रेवा?”

पलीकडे दार ओढल्याचा आवाज आला. पाण्याची पातळी ऐकू येईनाशी झाली. ती खोलीबाहेर आली असावी.

“म्हणजे? तुम्ही ऐकलाच नाहीत?”

मग त्यानं सगळं सांगितलं. तांब्याचं बूच, थंड कप्पा, धुतलेला अर्धा कण, वेलदोड्याचा वास. आपल्याला काय ऐकावं लागेल याची भीती वाटत होती, हेही सांगितलं. आता ती तोडून बोलेल आणि आपण ते ऐकून घ्यायचं, अशी त्यानं तयारी ठेवली होती. पण रेवा बोलली तेव्हा तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

“मला वाटलं, ऐकूनही आला नाहीत.”

सुजितला काही कळलं नाही. ती सांगू लागली. आई शुद्धीवर होती, चांगली बोलत होती, मधे खोकली, मधे हसली. शब्दन्‌शब्द आता आठवत नाही, तिच्या बोलण्यात माझं थोडं मिसळलंही असेल, असं ती म्हणाली. “पण सुज्या म्हणाली तुम्हाला. सुज्या, मी गेले की त्या कुप्यांपाशी जाऊन बसू नकोस. रेवाकडे राहायला जा. ती बोलावणार नाही, तुझ्यावर गेलीये. तू आपला जा. ऐकलंस की लगेच नीघ.”

“आणि दवाखान्याचं? घरी नेलं नाही त्याचं?”

“त्याचं काहीच बोलली नाही.”

सुजित खिडकीच्या गजाला धरून उभा राहिला. ज्या एका वाक्याच्या भीतीनं त्यानं कुपी उघडली नव्हती, ते तिच्यात कधी नव्हतंच.

रेवा बोलत राहिली, जणू एवढ्या वर्षांचं साचलेलं आता थांबवता येत नव्हतं. तेराव्याला मी जे बोलले ते बोलले, पण म्हटलं ऐकतील आणि येतील. घराची वरची खोली मी तुमच्यासाठी लावून ठेवली होती. पश्चिमेची खिडकी, खाली नदी दिसते. पहिला पावसाळा गेला, दुसरा गेला. आईनं सांगूनसुद्धा हा माणूस येत नाही म्हटल्यावर मग मी फोनही कमी केले. आता त्या खोलीत माझ्या ऑफिसातली एक मुलगी राहते. शेवटचं वाक्य तिनं तक्रारीसारखं नाही, नुसतंच सांगितलं.

“मी खाली हॉलमध्ये झोपेन,” सुजित म्हणाला.

“मी ‘या’ कुठं म्हटलंय तुम्हाला?”

“तू म्हणणार नाहीसच. सांगितलंय ना तिनं.”

रेवा हसली की रडली, ते त्याला फोनवर नीट कळलं नाही. कराडवरून घाटानं येणारी गाडी दुपारी सुटते, ती पकडली तर उजेडात पोचाल, असं ती म्हणाली. आणि ठेवते म्हणाली नाही, फोन तसाच चालू राहिला, शेवटी कुणीतरी तिला आत बोलावलं.

सुजितनं पिशवीत दोन शर्ट घातले, औषधं घातली. कुपी टेबलावर होती, आता खरोखरच रिकामी. तिच्यातला शेवटचा कणसुद्धा वाचण्यात संपला होता. त्यानं ती नळाखाली धुतली आणि ओट्यावर उपडी ठेवून वाळू दिली. वेलदोडे कुठे असतील याचा त्याला जरा शोध घ्यावा लागला. चहाच्या डब्यात बडीशेप निघाली, बडीशेपेच्या डब्यात मेणबत्त्या. शेवटी खायच्या सोड्याच्या बाटलीत ते सापडले, जुनाट, पण वास होता. ते त्यानं कुपीत भरले, तांब्याचं बूच लावलं आणि कुपी शर्टाच्या खिशात टाकली. घाटात रेवालाही लहानपणी मळमळायचं. मग दाराला कुलूप लावून तो स्टँडवर गेला.